राखेत न सापडलेलं सोनं

पम्या, सावडायच्या दिवशी मी तुझ्या राखेत सोनं शोधत होतो.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐक, कारण तुझे मंद्रूपचे मामा ही गोष्ट आता सगळ्या पाहुण्यांत तिखटमीठ लावून वाढणार आहेत. सकाळची वेळ होती. बाकीचे अस्थी वेचत होते आणि मी उकिडवा बसून, दुकानात बसतो तसा, राख बोटानं पातळ पसरत होतो. पसरायची, डोळा जवळ न्यायचा, हलकी फुंकर मारायची. सोनाराचा हात आहे, त्याला प्रसंग कळत नाही. आपल्या घरांत कुणी गेलं की तोंडात ठेवायचा सोन्याचा कण माझ्या दुकानातून जातो आणि तो राखेतून शोधून स्मशानातल्या माणसाच्या हातावर ठेवायचं कामही माझंच. तुझ्या आईच्या वेळी मी तो पहिल्या फुंकरीत काढला होता. तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, "दिल्या, तुझा डोळा नाही, लोहचुंबक आहे." आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलंस, की सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे उपमा चुकली.

तर मी फुंकर मारत होतो. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

"काय हुडकायलाव, जावईबापू?"

"कण."

"कसला कण?"

"सोन्याचा, मामा. तोंडात ठेवलेला."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं माझ्याही तोंडात आता कुणीतरी तुळशीपत्र ठेवणार. "अवो, तुमीच लाल पाणी घातलाव न्हवं त्येच्या तोंडात? समद्यांम्होरं? मंग आता कुटला कण घावतोय?"

तेव्हा मला आठवलं. अरे हो. लाल पाणी. तुझ्या बाटलीतलं. त्यातलं सोनं मी काय, कुणीच फुंकर मारून शोधू शकत नाही, हे तू मला निदान शंभर वेळा सांगितलं होतंस. आणि पम्या, मला हसू आलं. तिथं, मुठीत राख असताना. तोंड दाबून धरलं, पण खांदे हलायला लागले. मामांनी माझी पाठ थोपटली आणि बाकीच्यांना म्हणाले, "रडू द्या. रडू द्या त्यास्नी. लई जीव हुता दोघांचा."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. ते काम आपल्यात तुझं होतं. आणि तसंही मामा फारसे चुकले नव्हते.

ती बाटली तू पहिल्यांदा घरी आणलीस तो दिवस तुला आठवत असेल. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून सरळ आमच्याकडे जेवायला यायचास. लग्न केलं नाहीस, पण बहिणीच्या हातची कडक भाकरी कधी सोडली नाहीस. ताटाशेजारी बाटली ठेवलीस आणि म्हणालास, "ओळख."

"डाळिंबाचा रस," मी म्हणालो. "सांगोल्याचा दिसतोय."

"सोनं आहे."

तुझी बहीण संगीता, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "दादा, यांना असलं काही दाखवू नकोस. उद्या गिऱ्हाइकाला हेच दाखवतील."

मी जन्मभर सोनं बघितलंय. पिवळं बघितलंय, तांबं जास्त झाल्यावर तांबूस झालेलं बघितलंय, पांढरं केलेलं बघितलंय. सोन्याचं पाणी झालं असं एकदाच ऐकलं होतं आणि तेव्हा ते गिऱ्हाईक पोलिसात गेलं होतं. तू शांतपणे समजावून सांगितलंस. आम्ही तेजाबात सोनं विरघळवतो तेव्हा होतं ते पिवळं पाणी घ्यायचं, पातळ करायचं, उकळायचं आणि त्यात लिंबाच्या आंबटापासून केलेलं एक मीठ टाकायचं. आधी रंग जातो, मग काळपट होतं आणि बघता बघता असं लाल. सोन्याचे कण इतके बारीक, की डोळ्यालाच काय, कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत.

"म्हणजे विरघळलंय," मी म्हणालो.

"विरघळलेलं नाही रे. तरंगतंय."

हा फरक तू मला त्यानंतर किती वेळा सांगितलास! आणि मी मुद्दाम प्रत्येक वेळी "विरघळलंय" म्हणायचो. तुझ्या कानशिलावरची शीर उडलेली बघायला मला आवडायचं.

पण त्या दिवशी मला खरंच धक्का बसला होता. आमचा धंदा म्हणजे सोनं लहान होऊ नये म्हणून चाललेली धडपड. कानस मारली की कीस उडतो. तो मांडीवर पसरलेल्या चामड्यात धरायचा, हात झटकून उठायचं, दुकानाचा केरसुद्धा टाकायचा नाही, झारेकऱ्याला द्यायचा. तो बिचारा तो केर धुऊन धुऊन त्यातून सोनं वेगळं काढतो. आणि तू सरकारी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत बसून, पदव्या लावून, सोन्याचा मुद्दाम केर करत होतास! मी म्हणालोही तसं. तू भाकरीचा तुकडा मोडलास, चटणीत बुडवलास आणि मला ते उदाहरण दिलंस, जे मी नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझं म्हणून सांगितलं.

"सोन्याचं ढेकूळ म्हणजे एक मोठं ऑफिस," तू म्हणालास. "काम कोण करतो? खिडकीवर बसलेला. आतल्या खोल्यांतले सगळे चहा पितात. मी ती ऑफिसं इतकी लहान करतो, की प्रत्येकाच्या वाट्याला खिडकी येते. कुणाला चहा प्यायला आत खोलीच उरत नाही."

"आणि खिडकीवर काय काम?"

"पाणी तोडायचं."

झालं. संगीता हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पिंप भरायचं, हंडे भरायचे, बादल्या भरायच्या, काही राहिलं तर तांब्या भरायचा. आणि हिचा भाऊ ते पाणी तोडणार! "दादा," ती म्हणाली, "आधी येऊ दे तरी. मग तोड."

तू इतका हसलास, की ठसका लागला. मग तू तिला सांगितलंस, माझ्याकडे पाठ करून, कारण तिला लवकर कळतं: पाण्यात वीज सोडली की त्यातला हायड्रोजन बुडबुड्यांनी वेगळा होतो. तो जाळला की धूर नाही, काजळी नाही, पुन्हा पाणीच होतं. पण पाणी सहज तुटत नाही, वीज फार खातं. त्याला कुणीतरी मध्यस्थ लागतो. प्लॅटिनम हा सगळ्यात चांगला मध्यस्थ, पण महाग आणि दुर्मीळ. म्हणून तू निकेलच्या स्वस्त जाळीवर सोन्याचे असले न दिसणारे कण बसवत होतास, अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर. "मध्यस्थ स्वतः खर्च होत नाही, संगे. दोन पक्षांचं जमवून देतो आणि पुन्हा होता तसा बाजूला उभा."

संगीता म्हणाली, "म्हणजे आमच्या लग्नात तू होतास तसा."

गणिताच्या शिकवणीच्या नावाखाली मला तुमच्या घरी कोण घेऊन गेलं होतं? आणि तुझ्या वडिलांनी विचारल्यावर "मी काय केलं? मी फक्त इथं उभा होतो," असं कोण म्हणालं होतं? त्या उभं राहण्याबद्दल मी तुला कधी नीट काही म्हटलं नाही. वर्षानुवर्षं जेवताना समोर बसलेल्या माणसाला असलं काही म्हणायचं कसं? आधी भाजी वाढायची, की आधी म्हणायचं?

आपलं खरं भांडण मात्र दुसरंच होतं आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचो, सोनं काही करत नाही म्हणूनच ते सोनं. गंजत नाही, काळं पडत नाही, कशात मिसळत नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. लोक त्यासाठीच ते अंगावर घालतात. त्याला कामाला लावणं हा त्याचा अपमान आहे. तू म्हणायचास, "तू सोन्याबद्दल बोलायलायस, की स्वतःबद्दल?" संगीता म्हणायची, "स्वतःबद्दल." दोघं भावंडं मिळून एका गरीब सराफाला घेरायचात.

मग तो दिवस आला, ज्याचं खापर मी उगाच माझ्या चहावर फोडत आलो. तू दुकानात येऊन बसला होतास. तुझा प्रयोग तोवर यशस्वी झाला होता. दुसऱ्या गावी जाऊन तू तो सांगून आला होतास, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कॉलेजनं फाटकावर तुझा हा एवढा फ्लेक्स लावला होता, ज्यात तुझा चेहरा तुझ्यापेक्षा गोरा होता. मी देवाच्या चांदीच्या मुकुटाला सोन्याचा मुलामा देत होतो. वाडग्यात पाणी, त्यात तारा, वीज चालू. तू बघत होतास. चहा आला, गार झाला, तू बघतच होतास. मग म्हणालास, "दिल्या, धातू असाच पाण्यातनं चालत जाऊन दुसऱ्याच्या अंगावर बसतो, नाही?"

"त्यालाच मुलामा म्हणतात," मी म्हणालो. मला वाटलं, प्राध्यापक आहे, उशिरा कळलं.

तू उठून गेलास. चहा तसाच, म्हणून मला वाटलं, चहाच बिघडला असावा.

नंतर कळलं. तुझ्या प्रयोगात सोन्याच्या जाळीसमोर पाण्यात दुसरी तार असायची आणि ती प्लॅटिनमची होती. सगळे तशीच वापरायचे. तुझ्या डोक्यात आलं, की त्या तारेतलं नखभर प्लॅटिनम चालत येऊन आपल्या सोन्यावर बसलं असेल तर? काम प्लॅटिनमनं केलं आणि टाळ्या सोन्याला मिळाल्या असतील तर? कुणी विचारलं नव्हतं. कुणाला संशय नव्हता. तूच कॉलेजात जाऊन सांगितलंस, की फ्लेक्स काढा. ते म्हणाले, सर, असू द्या की, फोटो छान आलाय. तू म्हणालास, "फोटो माझा आणि शंका पण माझी. दोन्ही एका फाटकावर राहणार नाहीत." आणि स्वतः शिडी लावून फ्लेक्स सोडवून घेऊन आलास. आमच्याकडे. कारण तुझ्या घरात ठेवायला जागा नव्हती आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलं होतं.

संगीतानं तो टाकीवर टाकला. तू म्हणालास, "तोंड खाली कर. शंका मिटेपर्यंत."

पम्या, त्या दिवसापासून तू आमच्या पाण्यात बघत होतास.

मग तू प्लॅटिनमची तार काढून टाकायचं ठरवलंस. तिच्या जागी पेन्सिलच्या गाभ्यासारखी कार्बनची कांडी, म्हणजे चालत यायला धातूच नको. सगळं पहिल्यापासून. तुझी एके काळची विद्यार्थिनी आणि आता तुझ्याच विभागात शिकवणारी नसरीन मॅडम तुझ्याबरोबर होती. जाळ्या तयार झाल्या, आणि तू दवाखान्यात गेलास.

तिथलं सगळं लिहीत नाही. तुला इतकं दुखत होतं, की शेवटी ते थांबलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं. हा क्रम मी संगीताला सांगितला, तर ती म्हणाली, तिचाही तोच होता.

पण एक दुपार लिहितो. तू मला जवळ बोलावलंस. "दिल्या, नसरीन प्रयोग पुन्हा करेल. खरं निघालं तर ती सांगेलच. खोटं निघालं तर तिला ते संगीला सांगायला लावू नकोस. ती रडेल. तू सांग."

"मी का?"

"तुझ्या तोंडून काहीच गंभीर वाटत नाही."

"आणि खोटं निघालं तर लोकांना काय सांगायचं?"

"खोटं निघालं म्हणून सांगायचं. लपवायचं नाही." मग डोळे मिटलेस. "आणि माझ्या तोंडात तुझ्या दुकानातलं ढेकूळ घालू नकोस. माझ्या बाटलीतलं घाल."

"ते विरघळलेलं?"

डोळे न उघडता तू म्हणालास, "तरंगणारं."

शेवटपर्यंत दुरुस्त केलंस. नसरीन बाटली घेऊन आली, मी पळीनं दोन थेंब घातले, पाहुण्यांत कुजबुज झाली, आणि पुढे राखेत मामांसमोर काय झालं ते तुला सांगितलंच आहे.

तेव्हापासून मी तो निरोप गिळून बसलो होतो. लोक भेटायला यायचे, तुझ्याबद्दल चांगलं बोलायचे. "मोठं संशोधन केलं हो सरांनी." मी मान हलवायचो. कशी हलली म्हणजे हो आणि नाही दोन्ही होईल याचा मला चांगला सराव झाला. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. संगीता गच्चीवर कपडे वाळत घालून आली, की तिचा चेहरा टाकीवर काहीतरी ठेवून आल्यासारखा असायचा. तिला माहीत होतं, की मला काहीतरी सांगायचंय किंवा सांगायचं नाहीय. तिच्या भावाचं सगळं आयुष्य त्या बाटलीत होतं. ते खरं होतं की नुसतं लाल होतं, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर देणारा निघून गेला होता.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले, आणि नसरीन आली. डोळे सुजलेले. दारातच उभी. मी बघितलं आणि समजलो. तू सांगून ठेवलं होतंस ना, ती रडेल म्हणून.

मी पुढे झालो. "मॅडम, तुम्ही बसा. मी सांगतो." संगीताला समोर बसवलं. घसा साफ केला. भाषण तयार होतं, रोज अंघोळ करताना म्हणत होतो. "संगीता," मी म्हणालो, "माणूस मोठा असतो तो त्याच्या यशामुळे नाही. काही काही गोष्टी, आपण समजतो तशा..."

"ओ दिलीपभाऊ!" नसरीन म्हणाली. "काय बोलायलाव? आलंय की!"

"काय आलंय?"

"हायड्रोजन! अल्ला, तुम्ही ऐकून तर घ्या की ओ."

संगीता माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती. नसरीननं पदरानं डोळे पुसले आणि बोलायला लागली. कार्बनची कांडी लावली. आधी नुसती निकेलची जाळी बुडवली, सोनं न लावलेली. बुडबुडे आले, पण रडतखडत. मग सोन्याची जाळी बुडवली. "आणि बुडबुडे असे सुटले, ताई, असे! मी बंद केलं, सगळं धुतलं, परत लावलं. परत आले. जाळी तपासायला पाठवली, प्लॅटिनम आहे का बघायला. मागमूस नाही. आधीपेक्षा थोडं कमी आलंय, ते खरं. म्हणजे तेव्हा प्लॅटिनमनं थोडा हात लावला असणार. पण बाकीचं काम सोन्याचंच. सरांचंच."

"मग तू रडतेस कशाला गं?" संगीतानं विचारलं.

"सरांना सांगायचं होतं ना."

मग दोघी रडल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. मला दुसरं काही येत नाही. चहा उकळत होता आणि माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरत होतं. इतके दिवस मी ते शोक म्हणून वागवत होतो, त्यातला अर्धा निघाला धाक. शोक आहेच. तो राहील. पण त्याच्याबरोबर आता जेवता येईल.

आणि आपलं भांडण? तू असतास तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला असतास, सोनं काम करतं. मी म्हणालो असतो, थोडं कमी आलंय ना, तेवढा मी जिंकलो. तू म्हणाला असतास, तेवढ्यात तू कसा जिंकलास, तेवढ्यात प्लॅटिनम जिंकलं. आणि जेवण गार झालं असतं. आता मला एकट्यालाच दोन्ही बाजू लढवाव्या लागतात. तुझी बाजू मांडताना मी जास्त हुशार वाटतो, हेही लक्षात आलंय.

कपात चहा ओतून बाहेर आलो, तर नसरीन एकटीच बसली होती. "ताई वर गेल्या," ती म्हणाली.

मी गच्चीवर गेलो. संगीता टाकीच्या दोऱ्या सोडत होती. फ्लेक्स उन्हानं कडक झाला होता, एकटीला आवरेना. मी दुसरं टोक धरलं. आम्ही तो उलटा केला आणि पुन्हा बांधला. पाण्याच्या वाफेनं तुझ्या चेहऱ्यावरचा खोटा गोरेपणा निघून गेलाय, आता तुझा खरा रंग दिसतो. कपाळावर एक पांढरा डाग पडलाय, पण डोळे शाबूत आहेत. तू थेट वर आभाळाकडे बघत होतास आणि मला, खरं सांगतो, तू दुरुस्त करण्याजोगं तिथं काहीतरी शोधतोयस असं वाटलं.

मी काहीतरी बोलणार होतो. भाषणाचा उरलेला भाग होताच माझ्याकडे. पण संगीतानं पदर खोचला, तुझ्या गालावरची धूळ हातानं पुसली आणि माझ्याकडे वळली.

"दादानं सोन्याला कामाला लावलं," ती म्हणाली. "आता तुम्ही हला. नळ आलाय, मोटार लावा."